गौराला विहीर नको

"'गौराने पदराचं टोक कानामागे खोवलं,'" घाटगे मास्तर मोठ्याने वाचत होते, "'दाढेखालची लवंग इकडून तिकडे केली आणि चुलीला म्हणाली, का गं भवाने, आज पेटायचंच नाही असं ठरवून बसलीस काय?'"

गिरणीपुढच्या बाकांवर बसलेली जवळजवळ सगळी माणसं एकदम वळून माझ्याकडे बघायला लागली.

मी पिठाचा डबा डोक्यावर घेऊन उभी होते. पदराचं टोक कानामागे होतं. दाढेखाली लवंग होती. ती मी पटकन गिळून टाकली, ठसका लागला, आणि त्यामुळे उरलेल्या दोघाचौघांचंही लक्ष माझ्याकडे गेलं.

चुलीला शिव्या घालणारी बाई अख्ख्या कोल्हापुरात मी एकटीच होते असं नाही. पण प्रसिद्ध कादंबरीकार अप्पासाहेब चिकुर्डेकर यांच्या घरी स्वयंपाकाला असलेली मात्र मी एकटीच होते. आणि ही कादंबरी अप्पांची होती. एका साप्ताहिकात क्रमशः यायची. शनिवारी संध्याकाळी गिरणी थांबली की निवृत्त घाटगे मास्तर नवा हप्ता वाचून दाखवायचे. ज्यांना दळण नव्हतं तेसुद्धा रिकामे डबे घेऊन यायचे. कादंबरीचं नाव सांगत नाही. पुढे तिला बक्षिसं मिळाली, तुमच्यापैकी कुणी तिच्यावर परीक्षेत उत्तरंही लिहिली असतील. त्या वेळी मात्र ती फक्त आमच्या गल्लीची होती.

"वाचा की मास्तर," गिरणीवाला तुका म्हणाला. "आनसाबाई काय पळून जात न्हाई."

मास्तरांनी वाचलं. मोठ्या घरी स्वयंपाक करणारी विधवा गौरा तिन्हीसांजेला परसदारी उभी राहते. देवळाच्या नगारखान्यात सनई वाजवणारा एक माणूस आहे, त्याची सनई ऐकते. त्या दिवशी सनई मध्येच थांबते आणि पलीकडच्या वाटेवर पावलं वाजतात. गौराच्या हातातली कळशी हातातच राहते. क्रमशः.

"सनई म्हणं," तुका म्हणाला, आणि त्याने कोपऱ्यात बसलेल्या हिंदुरावकडे बघितलं.

हिंदुराव साळोखेला एकाएकी आपल्या चपलेचा अंगठा तुटल्यासारखा वाटला असावा. तो खाली वाकला तो वर आलाच नाही. हिंदुराव बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. दुसऱ्यांच्या लग्नात हजारदा वाजवलेला आणि स्वतः रिकाम्या घरी परतणारा माणूस. त्याची बायको तापाने गेली होती. माझा नवरा तर लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी गेला होता, आणि तेव्हापासून मी बहिणीच्या घरात, तिच्या दिराच्या डोळ्यांत खुपत, एका कोपऱ्यात दिवस काढत होते. आमच्यात विधवेचा पाट लावायची रीत आहे. घरच्या घरी, संध्याकाळी, वाजंत्रीशिवाय दुसरं लग्न लागतं. आमचा पाट ठरल्यातच जमा होता. मला माझी स्वतःची चूल हवी होती, आणि हिंदुराव हवा होता. हे सरळच सांगते, आता या वयात लाजून काय करू?

पण हो म्हणायचं होतं ते बायजाक्कांनी. बायजाक्का म्हणजे हिंदुरावची थोरली बहीण. त्याला त्यांनीच आईच्या जागी राहून वाढवलं होतं. वाचन संपलं तसं त्यांनी मला बोट वाकवून बोलावलं.

"आनसे, हिकडं ये. ह्या गौराचं पुढं काय हुतंय?"

"मला काय ठावं, आक्का? मी भाकरी थापते, कादंबरी न्हाई."

"तुझंच लिवलंय न्हवं त्ये?"

"माझं न्हाई. कुठली तरी गौरा हाय."

"मला शिकवू नगंस. मी तुला बघितलंय सणासुदीला, घडीभर. त्ये साहेब तुला रोज बघत्यात. माणूस आतनं कसं हाय त्ये त्यास्नी कळतं, म्हणून तर लोकं शाली घालत्यात त्यांच्या अंगावर." बायजाक्कांनी तंबाखूची चिमूट गालात सारली. "मी काय घाई करत न्हाई. गोष्ट संपू दे. गौरा नीट वागली तर पाट. वंगाळ वागली तर रामराम."

"आन् मेली तर?" हिंदुरावने खाली वाकूनच विचारलं.

"मेली तर नगंच. पयली तापानं गेली. दुसरी कादंबरीतनं जायला नगं."

आता हसू येतं. त्या संध्याकाळी मी रडत घरी गेले.

अप्पांच्या घरात लिहायची एक खास खोली होती. तिथे शिसवी टेबल होतं, पितळी दौत होती आणि भिंतीवर एक मोठा जुना फोटो होता. कुठल्याशा इनामदारांच्या घरची पंचवीस-तीस माणसं ओळीने बसलेली, बायका नथी घालून, पुरुष पागोटी घालून, आणि पुढे जमिनीवर पोरांच्या रांगेत कडेला छोटे अप्पा. मुलाखत घ्यायला आलेले लोक फोटो बघून म्हणायचे, "वा, केवढं मोठं घराणं आपलं!" अप्पा हो म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत. चहा मागवायचे.

त्या खोलीत अप्पा फक्त फोटो काढून घ्यायला बसायचे. लिहायचे ते स्वयंपाकघराच्या पायरीवर, मांडीवर फळी घेऊन. माझ्या चुलीचा धूर नाकातोंडात जायचा, खोकायचे, पण उठायचे नाहीत. "इथं सुचतं," म्हणायचे. इतके दिवस मला वाटायचं, गरम भजी आधी मिळावी म्हणून बसतात. आता कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पायरीवर येऊन बसले तशी मी उलथनं घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले.

"अप्पा, तुम्ही माझी चोरी केलीसा."

"काय गेलं तुझं?"

"लवंग गेली. पदर गेला. चूल गेली. आन् आता हिंदुराव बी चाललाय."

"हिंदुराव कोण?"

पलीकडे अप्पांच्या पत्नी, आमच्या वैनी, तांदूळ पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं. आपण काय बोलून बसलो ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"तुम्हाला ठावं न्हाई?"

"नाही."

"मग सनईवाला कुठनं आणलासा?"

"सुचला."

"सुचला! क्लॅरनेट वाजवणारा माणूस माझ्याशी पाट लावायचा म्हणतोय, आन् तुम्हाला सनईवाला सुचला!"

अप्पांनी फळी खाली ठेवली. डोळे असे चमकायला लागले की मला त्यांचा रागच आला. "बँडमध्ये आहे? बरं बरं. वाजवतो कसा?"

"बरा वाजवतो. वरात लांबली की दमतो."

वैनी तोंडाला पदर लावून हसल्या. मग मी सगळंच सांगितलं. बायजाक्कांची अट सांगितली आणि हात जोडले. "अप्पा, त्या गौराचं पुढं काय हाय तेवढं सांगा."

अप्पांनी माझी नजर टाळली. "विहिरीत उडी टाकते."

"कशापायी?"

"गाव बोलतं. तिला सोसत नाही."

"गाव बोलतं म्हणून? अवो, गाव रोज बोलतं. तेवढ्यासाठी बायका उड्या टाकाय लागल्या तर विहिरीत पाण्याला जागा ऱ्हाईल का?"

"आनसा, तुला नाही कळायचं. पात्रं लेखकाचं ऐकत नसतात."

"मग तुमचं ऐकतं तरी कोण?"

"ह्या घरात? कुणीच नाही," वैनी म्हणाल्या आणि पुन्हा पाखडायला लागल्या.

मी चुलीकडे वळले. चुलीला चार शब्द सुनावले, ते खरं तर तिच्यासाठी नव्हते. मग मंडईत गेले आणि दोडके घेऊन आले.

अप्पांना जगात एकच गोष्ट सहन व्हायची नाही, ती म्हणजे दोडका. त्या दुपारी मी दोडक्याची भाजी केली. रात्री दोडक्याची आमटी. दुसऱ्या दिवशी दोडक्याची भजी. भजी म्हटल्यावर अप्पा आनंदाने पायरीवर येऊन बसले, एक भजं तोंडात टाकलं आणि माझ्याकडे असं बघितलं की माझ्याऐवजी दुसरी कुणी असती तर विरघळली असती. तिसऱ्या दिवशी मी दोडक्याच्या शिरांची चटणी केली.

"हे काय चाललंय?" अप्पांनी विचारलं.

"मी तरी काय करू, अप्पा? भाजी माझं ऐकत न्हाई."

वैनींना दोडका आवडायचा. त्या रोज मागून घेत होत्या. एकदा मला हळूच म्हणाल्या, "चालू ठेव. मी इतकी वर्षं तोंडाने सांगून दमले, तू दोडक्याने करून दाखव." त्या कशाबद्दल बोलताहेत ते मला तेव्हा समजलं नाही. मला वाटलं, विहिरीबद्दल.

पुढच्या शनिवारी गौरा विहिरीवर गेली. गिरणीपुढे कुणी हूं की चूं करेना. नेमके तिथेच मास्तर थांबले आणि धोतराच्या सोग्याने चष्मा पुसायला लागले.

"मास्तर, डोळं मागनं पुसा!" बायजाक्का ओरडल्या.

मास्तरांनी चष्मा चढवला. गौराने विहिरीत वाकून बघितलं. पाण्यात तिला तिचा चेहरा दिसला. मग तिने दोर सोडला, कळशी भरली आणि घरी आली.

सगळी गिरणी एकदम मोकळी झाली. हिंदुरावने तुकाला मिठीच मारली आणि त्याच्या शर्टाला पीठ लागलं. बायजाक्का मात्र जाता जाता म्हणाल्या, "पाणी भरून आली. बरं झालं. अजून बघू." मी दुसऱ्या दिवशी अप्पांसाठी पांढरा रस्सा केला. त्यांनी वाटी तोंडाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "ही लाच आहे."

"व्हय," मी म्हटलं.

त्यानंतरच्या हप्त्यात सनईवाला सरळ दिवसाउजेडी गौराच्या दारात आला आणि तिला विचारलं, येतेस का? गौरा काही बोलली नाही. क्रमशः. आणि खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं, पुढील अंकी समाप्त.

त्या आठवड्यात माझं कशातच लक्ष लागेना. दोनदा भाकरी करपवली. आणि इकडे अप्पा लिहीतच नव्हते. फळी मांडीवर, कागद कोरा, नजर चुलीकडे. संपादकांची तार आली, मग दुसरी आली. शेवटचं प्रकरण टपालात टाकायचा दिवस उजाडला तरी कागद कोराच. मी त्यांच्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं, वर कच्चा कांदा घातला, गरम भाकरी ठेवली आणि ताट त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते हाताने बाजूला सारलं.

माझं डोकंच फिरलं.

"अन्नाला असं ढकलू नगा, अप्पा! दोडका केला तर ढकललासा, मी काय बोलले न्हाई. आता भरीत बी नगं? काय एवढं अवघड हाय? माणूस दारात उभा हाय. तिनं हो म्हणायचं. एक अक्षर लिवायचंय, एक!"

"ती हो म्हणाली नव्हती," अप्पा म्हणाले.

"म्हणाली न्हवती म्हंजी? अजून लिवलंच न्हाई तर म्हणाली न्हवती कशी?"

वैनी मुगाची डाळ निवडत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं. "सांगा आता," त्या म्हणाल्या. "मुरवून मुरवून किती मुरवणार?"

अप्पांनी मला विचारलं, "आनसा, लवंग तुला पहिल्यांदा कुणी दिली?"

आठवायला क्षणभर लागलं. मी कामाला आले त्याच दिवशी वैनींनी डब्यातून काढून दिली होती. लवंग दाढेखाली धरली की रांधता रांधता तोंड चालवावंसं वाटत नाही, असं म्हणाल्या होत्या. पुढे ती माझीच सवय झाली.

"वैनींनी."

"आणि तुला गं?"

"तुमच्या आईंनी," वैनी म्हणाल्या.

मला भिंतीवरचा तो फोटो आठवला. रोज फडक्याने पुसायचे मी तो. "त्या फोटोतल्या? नथ घातलेल्या?"

"फोटोत नाही ती," अप्पा म्हणाले. "फोटो काढत होते तेव्हा ती आत भाकऱ्या थापत होती. त्या माणसांच्या घरी स्वयंपाकाला होती ती. पदराचं टोक कानामागे खोवायची. चुलीशी भांडायची. तू इथं पहिल्या दिवशी चुलीला भवानी म्हणालीस तेव्हा मी पलीकडे होतो. तुला ठेवून घ्यायचं ते मी तेव्हाच ठरवलं."

मी तिथेच पाटावर बसले. अप्पा सांगत होते ते चुलीकडे बघत. सनई वाजवणारा माणूस खरा होता. चोरून नाही, चार माणसांत विचारायला आला होता. "आमच्यात पाट नव्हता. पण तो म्हणाला, आपण मिरजेला जाऊ, तिथं कोण ओळखतंय. पोरालाही नेऊ म्हणाला. आई तयार होती. मी नव्हतो. मी जेवण सोडलं. ती ताट ठेवायची, मी सारायचो. ठेवायची, सारायचो. शेवटी तिने परसदार लावून घेतलं आणि कडी घातली. मग मी जेवलो. पोटभर जेवलो, आनसा."

मी चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं.

"मग विहीर?" मी विचारलं.

"विहीर कुठंच नव्हती. आई म्हातारी होऊन गेली, शेवटपर्यंत लवंग दाढेखाली धरून. विहीर मी घातली. गौराने उडी टाकली की वाचणारा गावावर चिडतो. पोरावर कुणी चिडत नाही."

"गौराला पोर कुठं हाय?"

"नाही. घातलंच नाही मी."

खरं सांगते, मला त्यांची दया आली आणि रागही आला. एवढा मोठा माणूस, शाली ठेवायला कपाट पुरत नाही, आणि एका ताटापुढे अजून फुरंगटून बसलेला. माझं मन हिंदुरावपाशी अडकलं होतं हेही खोटं नाही. पण तेव्हा मी बोलले ते त्याच्यासाठी नव्हतं.

"मग घाला की पोरगं," मी म्हटलं. "आन् त्याला जेवाय लावा."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग फळी सरळ केली. मग दौतीत टाक बुडवला. भरीत थंड झालं, भाकरी वातड झाली, आणि दिवस कलल्यावर त्यांनी तीच खाल्ली. पाकीट वैनी स्वतः टपालात टाकून आल्या.

शनिवारी गिरणीपुढे बसायला जागा नव्हती. मास्तरांनी घसा खाकरून सुरुवात केली. सनईवाला दारातच उभा आहे. गौरा आत बघते. आत तिचा मुलगा आहे, आजोळी होता तो कालच परतलाय. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलंय आणि त्याने ते सारलंय. गौरा दार लावायला उठते. कडीला हात लावते.

मास्तरांनी पान डोळ्यांजवळ घेतलं. "'तेवढ्यात पोराने ताट पुढे ओढलं. एक घास घेतला. आणि तोंडात घास असतानाच म्हणाला, आई, मला वाढलंस, त्यांना कोण वाढणार?'"

गौराने कडी सोडली. समाप्त.

तुका डोळ्यांत पीठ गेलं असं सांगत आत गेला. बायका पदराने नाक पुसत होत्या. मला हुंदका आवरेना. आता बायजाक्का उठतील, माझ्याजवळ येतील आणि पाटाचा दिवस सांगतील, म्हणून मी डोळे पुसून तयार राहिले. बायजाक्का उठल्या. जवळही आल्या.

"आनसे," त्या म्हणाल्या, "हे पोरगं कुठनं आलं?"

"कुठलं पोरगं?"

"आजोळी ठेवलंस त्ये! तुझं म्हायेर कागलला न्हवं? पोरगं हाय म्हणून एका शब्दानं बोलली न्हाईस आमास्नी!"

"आक्का, देवाशप्पथ, मला पोरगं न्हाई!"

"मग साहेबांनी काय हवेतनं काढलं? लवंग खरी, चूल खरी, वाजवणारा खरा, आन् पोरगं तेवढं खोटं?"

मी हिंदुरावकडे बघितलं. तो बिचारा माझ्याकडे असा बघत होता, जसं काही कागलला जाऊन पोराला खाऊ द्यायचा विचार करतोय. "असू दे की आक्का," तो म्हणाला. "मी सांभाळीन."

"सांभाळायचं मागनं. आदी खोटं का बोलली त्ये सांग म्हणावं. खोटं बोलणारी बाई मला घरात नगं." आणि बायजाक्का डबा उचलून चालत्या झाल्या.

रविवारी सकाळी मी अप्पांच्या घरी गेले ती चूल न पेटवताच त्यांच्यापुढे उभी राहिले.

"विहीर काढलीसा आन् मला पोरगं देऊन बसलासा!"

सगळं ऐकून अप्पा आधी खो खो हसले. मग माझा चेहरा बघून थांबले. "थांब, चिठ्ठी लिहून देतो. पात्रं काल्पनिक आहेत म्हणून. मास्तर वाचून दाखवतील."

"चिठ्ठी बी तुम्हीच लिवणार. ती बी गोष्टच म्हणतील लोकं."

"मग मी काय करू?"

"पायांत चपला घाला," वैनी म्हणाल्या.

अप्पांनी एकदा लिहायच्या खोलीकडे बघितलं, तिथला तो फोटो पायरीवरून अर्धाच दिसायचा. मग उठले, कोट घातला, आणि आम्ही तिघं निघालो.

रविवारी गिरणीवर गर्दी असतेच. गल्लीत इतकी वर्षं राहून अप्पा तिथे कधी आले नव्हते. त्यांना बघून तुकाने गिरणी बंद केली. एकदम एवढं सामसूम झालं की अप्पा गांगरले. सभेत तास-तासभर बोलणारा माणूस, टोपी हातात धरून पिठात उभा राहिला.

"बायजाक्का कोण?"

"मी," बायजाक्का म्हणाल्या. त्या अप्पांहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. "बोला साहेब."

"ते पोरगं आनसाचं नाही."

"मग कुणाचं?"

अप्पांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. घाटगे मास्तर पुढे सरकले. सगळी गल्ली ऐकत होती. उद्या सगळं शहर ऐकणार होतं.

"ते पोरगं म्हणजे मी," अप्पा म्हणाले. "गौरा माझी आई. दुसऱ्यांच्या घरी भाकऱ्या थापत होती."

बायजाक्कांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. पांढरे केस, चष्मा, कोट. मग साहेब वगैरे सगळं विसरून, जसं आपल्याच घरच्या पोराला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मग खऱ्यात बी जेवलास व्हय रं, असा?"

"जेवलो, आक्का," अप्पा म्हणाले. "पण त्याला दारातनं परत पाठवून."

तुकाने कशाला तरी हात लावला आणि पत्र्याचा डबा वाजला. बायजाक्का दोन पावलं पुढे झाल्या. अप्पांच्या कोटाच्या बाहीवर पीठ लागलं होतं, ते त्यांनी हाताने झटकलं.

"लेकरू हुतास," त्या म्हणाल्या. "लेकराला काय कळतंय?"

वैनींनी अप्पांच्या हातातली टोपी काढून घेतली.

"बेस्तरवारी आमच्यात जेवायला या दोघंबी," बायजाक्का म्हणाल्या. "पाट हाय." आणि मग माझ्याकडे वळून, "आनसे, आता रडाय काय झालं? लवंग हाय का एखादी?"

गुरुवारी दिवे लागायच्या सुमाराला आमचा पाट लागला. ओटी भरली, कुंकू लागलं, झालं. जेवणाच्या पंगतीत अप्पा आणि वैनी शेजारी शेजारी बसले. बायजाक्कांनी स्वतः रांधलं होतं. त्यांनी अप्पांच्या ताटात पहिली भाजी वाढली ती शेंगदाण्याचं कूट घातलेली, हिरवीगार, दोडक्याची. मी शपथेवर सांगते, मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. वैनींनी माझ्याकडे बघितलं आणि मी वर आढ्याकडे.

"नवरदेव, काहीतरी वाजवा की," अप्पा म्हणाले.

हिंदुराव लाजला. "पाटाला वाजवत न्हाईत, अप्पा. गाव काय म्हणंल?"

"गाव जाऊ दे विहिरीत," अप्पा म्हणाले.

हिंदुरावने खुंटीवरचं क्लॅरनेट काढलं. सगळ्या गावाच्या लग्नात वाजवलेला माणूस त्या दिवशी स्वतःच्या लग्नात वाजवायला उभा राहिला. सुरुवातीला जरा घोगरं वाजलं, मग लागलं. अप्पांनी ताटाला हात लावला नव्हता. बायजाक्का भाकरी घेऊन आल्या आणि त्यांच्यापुढे वाकल्या.

"का रं? दोडका आवडत न्हाई व्हय?"

"तसं नाही, आक्का." अप्पांनी हिंदुरावकडे बोट केलं. "आधी त्यांना वाढा."

बायजाक्कांनी हिंदुरावचं ताट मांडलं, त्याला हाताला धरून बसवलं आणि वाढलं. मग अप्पांनी घास घेतला. ताटातला सगळा दोडका त्यांनी संपवला, आणि दुसऱ्यांदा मागून घेतला.